घराची पाकीजगी आणि ऋतूंचे भान

आरंभी एक कबुली देतो.

गेल्या वर्षी रमजानला आठ दिवस उरले असताना आम्ही काही नमाजी मशिदीची साफसफाई करीत होतो. जाजमे झटकली, पंखे पुसले, हौद उपसला. शेवटी मागच्या भिंतीला टेकलेले लाकडी कपाट उघडले. त्यात पवित्र कुरआनच्या तीस पाऱ्यांचे दोन संच ठेवलेले होते. वरून सारे जसेच्या तसे दिसत होते. हात लावताच मात्र पाने मातीसारखी खाली घरंगळली. वाळवीने पुठ्ठे शाबूत ठेवून आतले सारे पोखरले होते. आम्ही ते अवशेष पाक कपड्यात गुंडाळून, जिथे कोणाचा पाय पडणार नाही अशा जागी, अदबीने दफन केले. परतताना एक वयोवृद्ध नमाजी मला म्हणाले, "मौलानासाब, वाळवीला कशाला दोष द्यायचा? वर्षभर आपण कपाट उघडलेच नाही."

मी त्या मशिदीचा इमाम. कपाटाची किल्ली माझ्याच खिशात असते. म्हणून हे बोलणे सर्वांत आधी मला लागू होते.

पुढे शोध घेतला तेव्हा कारण स्पष्ट झाले. त्या भिंतीला पावसाळ्यात ओल आली होती. ओलीच्या मागाने वाळवी श्रावण-भाद्रपदातच चढली असावी. आम्ही कपाट उघडले ते रमजानच्या तोंडावर, म्हणजे कितीतरी महिन्यांनी. आमची सफाई चंद्राच्या हिशेबाने चालली होती. वाळवी पावसाच्या हिशेबाने आली होती.

दोन हिशेब

आपल्या घरांतून मोठी साफसफाई वर्षातून एकदा, फार तर दोनदा होते. एक रमजानपूर्वी आणि दुसरी ईदच्या आधी. ही रीत चांगलीच आहे. इबादतीच्या महिन्याचे स्वागत स्वच्छ घराने करावे यात शंका नाही. परंतु हिजरी वर्ष सौर वर्षाहून दहा-अकरा दिवसांनी लहान असते. २०१६ साली रमजान जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाला होता. त्या काळात रमजानची सफाई आणि मृगापूर्वीची सफाई आपोआप एकच ठरली. २०२५ साली रमजान मार्चच्या आरंभी आला. पुढे तो हिवाळ्यात जाईल आणि सुमारे तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंमधून फिरून परत येईल. रमजान सरकतो, मृग सरकत नाही. झुरळ, ढेकूण, डास, विंचू, उंदीर आणि वाळवी यांना आपल्या ईदची तारीख ठाऊक नसते. ते ओल, ऊब आणि अन्न यांच्या मागे चालतात.

कोणी म्हणेल, आमचा दीन तर चंद्राच्या हिशेबावर उभा आहे. रोजा, हज, जकात यांचा हिशेब चंद्राचाच आहे हे खरे. पण त्याच दीनने पिकाचा हक्क, म्हणजे उश्र, कापणीच्या दिवशी अदा करण्याची आज्ञा दिली आहे (सूरह अल-अनआम, आयत १४१), आणि कापणी तर सूर्याच्या ऋतूप्रमाणेच होते. सूरह अर-रहमानच्या प्रारंभी सूर्य आणि चंद्र दोघेही एका हिशेबाने बांधलेले असल्याचा उल्लेख आहे. सूरह कुरैशमध्ये मक्केच्या व्यापाऱ्यांचे हिवाळी व उन्हाळी प्रवास अल्लाहची कृपा म्हणून सांगितले आहेत. ऋतूंचे भान ठेवणे ही दीनबाह्य गोष्ट नव्हे. ज्याने चंद्र दिला त्यानेच पावसाळाही दिला.

झाकलेले भांडे, झटकलेला बिछाना

पाकीजगीचे महत्त्व सांगताना आपण एक हदीस नेहमी ऐकतो. सहीह मुस्लिममधील त्या हदीसमध्ये पाकीजगीला ईमानचा अर्धा भाग म्हटले आहे. आपण ती वुजूखान्याच्या भिंतीवर लिहितो आणि तिथेच ठेवून घरी येतो. वास्तविक प्रेषितांनी (स.) घराच्या बारीकसारीक गोष्टींपर्यंत मार्गदर्शन केले आहे.

ह. जाबिर (रजि.) यांच्या निवेदनानुसार प्रेषितांनी (स.) रात्री झोपण्यापूर्वी भांडी झाकण्याची, पखालींची तोंडे बांधण्याची, दारे लावण्याची आणि दिवे विझवण्याची ताकीद दिली. दिवा विझवण्याचे कारणही सांगितले, की तो लहानसा उपद्रवी जीव, म्हणजे उंदीर, पेटती वात ओढून नेतो आणि घरच्यांसकट घर पेटवतो. हा केवळ तर्क नव्हता. सुनन अबू दाऊदमधील ह. इब्ने अब्बास (रजि.) यांच्या निवेदनानुसार एकदा उंदराने खरोखरच वात ओढून आणली आणि प्रेषित (स.) ज्या चटईवर बसले होते ती दिरहमएवढी जळाली.

सहीह मुस्लिममध्ये भांडी झाकण्याचे आणखी एक कारण आले आहे. वर्षातून एक रात्र अशी असते की तिच्यात साथ उतरते आणि उघड्या भांड्यात शिरल्याशिवाय ती पुढे जात नाही. या हदीसच्या निवेदकांपैकी इमाम लैस बिन सअद (रह.) यांनी एक जोड दिली आहे, की आमच्याकडील अरबेतर लोक कानून-अव्वल महिन्यात या गोष्टीची धास्ती बाळगतात. कानून-अव्वल म्हणजे डिसेंबर. तो सौर महिना आहे. आपले पूर्वज विद्वान रोगराईचा संबंध ऋतूशी लावून पाहत होते, हे यावरून ध्यानात येते.

बिछान्यावर आडवे होण्यापूर्वी तो झटकून घेण्याची सुन्नत आपण जाणतोच. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील त्या हदीसमध्ये कारण सांगितले आहे, की आपल्या पाठीमागे त्यावर काय येऊन बसले हे माणसाला ठाऊक नसते. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात राहणाऱ्याला या कारणाचे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. पऱ्हाटीची आणि सरपणाची रास घराच्या भिंतीला लावून ठेवायची, दगडांचा ढीग दाराशी पडू द्यायचा, आणि उन्हाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकायचे. मग विंचवाला घरात यायला निमंत्रण वेगळे कशाला? रास घरापासून दूर, जमिनीपासून उंच ठेवावी. पायताण पायात घालण्यापूर्वी आपटून घ्यावे. आणि दंश झालाच तर दुआ ओठांवर ठेवून रुग्णाला तत्काळ दवाखान्यात न्यावे. आपल्याच मराठवाड्यातील, मूळचे जालना जिल्ह्याचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध करून अगणित जीव वाचवले आहेत. उपचार घेणे ही सुन्नत आहे. उतारा करण्यात रात्र घालवणे ही नव्हे.

मामला, सन १९९४

आता आपल्या जिल्ह्याच्या एका आठवणीकडे वळू. मी त्या वेळी मांडीवरचे मूल होतो. हे मी वडीलधाऱ्यांकडून ऐकले आणि पुढे वाचले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गाडली गेली. हादरे बीड जिल्ह्यातही जाणवले. भीतीने लोकांनी दगडमातीची जुनी घरे सोडली आणि उघड्यावर किंवा तात्पुरत्या निवाऱ्यात संसार मांडले. सुगीचे धान्य मात्र त्या जुन्या घरांतच राहिले. माणूस बाहेर, दाणा आत. उंदरांना याहून अधिक काय हवे? उंदराची मादी गर्भ राहिल्यापासून तीन आठवड्यांत विते. काही महिन्यांत किती पिढ्या होतात याचा हिशेब वाचकांनीच करावा.

ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी उंदीर मरून पडू लागले. पिसवांचा उपद्रव असह्य झाला. पाठोपाठ ताप आणि जांघेत गाठी येणारे रुग्ण दिसू लागले. १९६६ नंतर ज्या रोगाची नोंद देशात झाली नव्हती तो प्लेग परत आल्याचे वर्तमान आपल्या जिल्ह्यातून निघाले. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगने थैमान घातले आणि लाखो लोक ते शहर सोडून पळाले.

प्लेग माणसापर्यंत येतो तो पिसवेमार्फत. उंदीर मेला की त्याचे शरीर थंड पडते आणि पिसवा त्याला सोडून दुसऱ्या उबदार देहाकडे वळतात. म्हणूनच अशा प्रसंगी आधी पिसवांचा बंदोबस्त करायचा असतो आणि मग उंदरांचा. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये, शेजाऱ्याच्या उकिरड्यावर भिरकावू नये, आणि एकाच वेळी अनेक उंदीर मेलेले आढळले तर ते लपवू नये. आरोग्य केंद्राला कळवावे.

प्लेगविषयी प्रेषितांची (स.) शिकवण विख्यात आहे. जिथे साथ असेल तिथे जाऊ नये आणि आपण असलेल्या ठिकाणी ती आली तर तिथून पळू नये. ह. उमर (रजि.) शामकडे निघाले असता सर्ग या ठिकाणी साथीची वार्ता आली. सल्लामसलतीनंतर त्यांनी परतण्याचा निर्णय घेतला. ह. अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, की ही अल्लाहच्या तकदीरपासून पळवाट नव्हे काय? ह. उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा, की आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. दरीची एक बाजू हिरवी आणि दुसरी उजाड असेल तर उंट हिरव्या बाजूस चारणे हेही तकदीरच्या आतच घडते. मग ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी वरील हदीस सांगितली आणि ह. उमर (रजि.) यांनी अल्लाहची स्तुती केली.

धान्याची कोठी न झाकता 'अल्लाह मालिक आहे' म्हणणाऱ्याने हा प्रसंग पुन्हा वाचावा. अल्लाह मालिक आहेच. पण उंट बांधून मग भरवसा ठेवण्याची शिकवणही त्याच्याच प्रेषितांची (स.) आहे.

कुलूपबंद घरे

मामल्याची आठवण काढण्यामागे आजचे एक कारण आहे. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांत आपलीही अनेक कुटुंबे असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. लेकरे सोबत किंवा आजी-आजोबांपाशी. घर पाच-सहा महिने कुलूपबंद, आणि आत खरिपाचे थोडे धान्य, गोधड्या, लेकरांची वह्या-पुस्तके. १९९४ च्या पूर्वी जे भूकंपाने घडवले, ते आपल्या तांड्या-वस्त्यांवर लहान प्रमाणात पोटासाठी दरवर्षी घडते.

म्हणून जाण्यापूर्वीची दोन दिवसांची सफाई या कुटुंबांसाठी सर्वांत मोलाची. धान्य कडक उन्हात असे वाळवावे की दाताखाली दाणा कट्ट वाजेल. ओलसर दाण्याला सोंडे लवकर लागतात. घट्ट झाकणाची पत्र्याची कोठी विटांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावी. कडुनिंबाचा वाळलेला पाला घालण्याची आपल्या आज्यांची रीत सोडू नये. ह. यूसुफ (अलै.) यांनी दुष्काळाची तयारी सांगताना धान्य कणसातच राहू द्यावे असा सल्ला दिल्याचे सूरह यूसुफमध्ये आले आहे. कणसातला दाणा किडीपासून अधिक काळ सुरक्षित राहतो, असे भाष्यकारांनी त्याचे मर्म सांगितले आहे. एका प्रेषिताने साठवणुकीची पद्धत शिकवावी आणि ती ग्रंथात यावी, यावरून दाण्याच्या राखणीचे मोल कळते.

भिंतीची आणि उंबऱ्याखालची बिळे काचेचे तुकडे व सिमेंट घालून बुजवावीत. करंगळीएवढी फटसुद्धा उंदराच्या पिल्लाला पुरते. खरकटे, पीठ, गूळ उघडे ठेवून कुलूप लावू नये. आणि परत आल्यावर थेट आत शिरून झाडायला लागू नये. दारे-खिडक्या उघडून घराला वारा द्यावा, तोंडाला फडके बांधावे, लेंड्या-धूळ पाण्याने ओली करून मग उचलावी, गोधड्या दिवसभर उन्हात टाकाव्यात.

धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्यांविषयी दोन शब्द. हवेतील ओलीने त्यांतून वायू सुटतो. तो किडा आणि माणूस असा भेद करीत नाही. ज्या खोलीत माणसे निजतात तिथे त्या गोळ्या ठेवणे, किंवा कपाशीवर फवारायचे औषध ढेकणांसाठी बाजेवर मारणे, हे आपल्याच हातांनी स्वतःला विनाशात लोटणे आहे, आणि त्याची मनाई सूरह अल-बकरामध्ये आहे. बाजेला जेष्ठाच्या आधीचे ऊन दाखवावे. या जिल्ह्याला अल्लाहने पाणी कमी दिले असेल, उन्हात कमतरता ठेवलेली नाही.

जी कुटुंबे गावी राहतात त्यांच्यावर शेजाऱ्याचा हक्क आहे. महिन्यातून एकदा बंद घराभोवती फेरी मारावी, बीळ दिसल्यास बुजवावे, किल्ली विश्वासाने दिली असल्यास दार उघडून वारा द्यावा. हे काम मशिदीच्या कमिटीने अंगावर घ्यावे, आणि बंद घर कोणत्या धर्माच्या शेजाऱ्याचे आहे हे विचारू नये. उंदीर तसे विचारत नाही आणि शेजारधर्माच्या हदीसही विचारत नाहीत.

सात दिवसांचा नियम

दुष्काळी मुलखात पाणी साठवण्यावाचून गत्यंतर नाही. रांजण, हौद, टाक्या, पिंप; नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसल्याने प्रत्येक भांडे भरलेले. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस डास नेमका अशाच स्वच्छ साठ्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. त्याची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटून असतात आणि कोरड्यात महिनोन्महिने तग धरतात. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही. आतली बाजू घासावी लागते. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळला तर डास जन्मालाच येत नाही.

आता आपल्या शरीअतीकडे पाहा. सात दिवसांतून एकदा स्नान करणे हा प्रत्येक मुस्लिमावर हक्क असल्याची हदीस बुखारी व मुस्लिममध्ये आहे, आणि जुमाच्या स्नानाची ताकीद सर्वश्रुत आहे. ज्या शुक्रवारी आपण अंग घासतो त्याच सकाळी रांजण का घासू नये? उपसलेले पाणी फेकू नये, झाडांना घालावे. वाहत्या नदीकाठीही उधळपट्टी आवडती नाही, तर बिंदुसरेच्या काठी कशी आवडेल? जो मोठा हौद रिकामा करणे शक्य नाही तो झाकावा, किंवा त्यात गप्पी मासे सोडावेत. ते डासांच्या अळ्या खातात. मशिदींच्या हौदांपासूनच याचा आरंभ व्हावा.

मारण्यालाही मर्यादा

उपद्रवी जीव मारण्याची परवानगी आहे. हरमच्या हद्दीतही ज्या पाच जीवांना मारता येते त्यांत उंदीर आणि विंचू आहेत. परंतु परवानगी म्हणजे क्रौर्याची मोकळीक नव्हे. सहीह मुस्लिममधील ह. शद्दाद बिन औस (रजि.) यांच्या निवेदनानुसार अल्लाहने प्रत्येक बाबतीत सद्वर्तन नेमून दिले आहे, मारतानाही कमीत कमी यातना द्याव्यात. एका पूर्वीच्या प्रेषिताला मुंगी चावली म्हणून त्यांनी वारूळ जाळवले, तेव्हा एका मुंगीपायी सारा समूह का जाळला अशी कानउघाडणी अल्लाहकडून झाली. आगीची शिक्षा आगीच्या मालकालाच शोभते, हेही प्रेषितांनी (स.) सांगितले आहे.

बाजारात मिळणाऱ्या गोंदाच्या पाट्यांवर उंदीर चिकटतो आणि एक-दोन दिवस तडफडत, उपाशी, पाय तोडून घेत मरतो. मुले भोवती उभी राहून हसतात. मला या पाट्या त्या हदीसच्या विरुद्ध वाटतात. जिथे मांजर, पिंजरा किंवा चापाचा सापळा काम करतो तिथे पाटी कशाला? आणि खरे तर सफाई हाच सर्वांत दयाळू उपाय आहे. जे घर वेळेवर झाडले, वाळवले, झाकले गेले, त्या घरात मारण्याची वेळच कमी येते.

झाडू कोणाच्या हाती?

शेवटी एक गोष्ट पुरुषांसाठी. सफाईवर पुरुषांनी भाषणे द्यावीत आणि कंबर स्त्रियांनी मोडून घ्यावी, असा आपल्याकडे शिरस्ता आहे. मीही त्यातलाच. ह. आयेशा (रजि.) यांना विचारण्यात आले, की प्रेषित (स.) घरी काय करीत? त्यांनी सांगितले, ते घरच्यांच्या कामात असत, आणि नमाजची वेळ झाली की निघत. मृगापूर्वीचा एक रविवार आणि दसऱ्याच्या आसपासचा एक रविवार, एवढे दोन दिवस घरातील पुरुषांनी आणि मुलांनी स्वतःच्या अंगावर घ्यावेत. कोठी उचलणे, बाज उन्हात काढणे, सरपण हलवणे, बिळे बुजवणे ही कामे तशीही अंगमेहनतीची आहेत. रमजानची सफाई तिच्या जागी राहील. ही दोन त्यांत वाढवायची आहेत.

आमच्या मशिदीचे ते कपाट आता भिंतीपासून वीतभर दूर, लोखंडी पायांवर उभे आहे. मृगाआधी एकदा, पावसाळ्यात दर जुमाला, आणि पाऊस सरल्यावर पुन्हा, असे ते उघडायचे ठरले आहे. त्याचा एक अनपेक्षित लाभ झाला. कपाट उघडले की कोणी ना कोणी पारा हाती घेतो आणि तिथेच बसून वाचू लागतो. ज्या ग्रंथाची पाने उलटली जातात त्याला वाळवी लागत नाही.

हे अल्लाह, आमची घरे, आमची अंतःकरणे आणि आमचे धान्य पाक ठेव. घर बंद करून पोटासाठी दूर गेलेल्यांच्या उंबऱ्यांचे रक्षण कर आणि आम्हाला त्या रक्षणाचे निमित्त बनव. आम्हाला वेळेवर उठण्याची तौफीक दे. आमीन.